स्नायूंची वेसण सोडली तर? (मायोस्टॅटिनबद्दल माहिती हवी आहे)

उंबरठा (धागाकर्ता)

माझे वडील ७८ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, हाड जुळलं, एक्स-रे बघून डॉक्टर खूश. पण मध्येच न्यूमोनिया झाला आणि पाच-सहा आठवडे अंथरुणात गेले. तेवढ्यात मांड्यांचं जे मांस गेलं ते परत आलंच नाही. आता खुर्चीतून उठायचं म्हणजे आधी दोन्ही हातांचा रेटा, मग एक उसासा, मग मला हाक. बाबा म्हणतात, "पाय माझेच आहेत, पण उसने आणल्यासारखे वाटतात."

त्यावर वाचत असताना मायोस्टॅटिन हे नाव भेटलं. शरीर स्वतःच तयार करतं असं एक प्रथिन, ज्याचं काम स्नायूंना "बास, आता वाढू नका" असं सांगणं. ते काढून टाकलं की जनावरं अक्राळविक्राळ फुगतात, फोटो पाहिलेच असतील. मग माझा साधा प्रश्न असा: हे प्रथिन १९९७ पासून माहीत आहे. ते अडवणारं औषध म्हाताऱ्या माणसाला देऊन मांड्या परत का मिळवता येऊ नयेत? गाडं अडलंय कुठे?

आणि जिमवाले जे "मायोस्टॅटिन ब्लॉकर" म्हणून डबे विकतात त्यात काही तथ्य आहे का? भाऊ म्हणतोय मागवूया.

काडीपेटी

चटई टाकून पहिल्या रांगेत बसलो आहे. वेसण सोडली की बैल उधळतो एवढंच माझं ज्ञान.

दंडबैठक

धाग्याबद्दल आभार. गेली पंधरा वर्षं व्यायाम करतोय आणि आरशात बघून रोज याच प्रथिनाला शिव्या घालतोय. बेल्जियन ब्लू बैलाचा फोटो मी जिममध्ये लावला होता. मालकाने काढायला लावला, म्हणे गिऱ्हाईक घाबरतं.

डब्यांबद्दल नंतर लिहितो. तो विषय जरा दुखरा आहे.

सूक्ष्मदर्शक

जवळच्या विषयात काम केलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. चूभूद्याघ्या.

१९९७ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात से-जिन ली आणि अलेक्झांड्रा मॅकफेरॉन यांनी उंदरांमधलं एक जनुक बंद करून पाहिलं. प्रथिनाला तेव्हा नुसतं जीडीएफ-८ म्हणत होते, ते करतं काय हे ठाऊक नव्हतं. जनुक बंद केलेल्या उंदरांचे एकेक स्नायू नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वजनाचे निघाले. मग नाव पडलं मायोस्टॅटिन, म्हणजे स्नायूंना जागच्या जागी थांबवणारं.

गंमत अशी की असं काहीतरी असणार ही कल्पना जुनी आहे. बुलो नावाच्या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकातच मांडलं होतं की प्रत्येक अवयव आपल्या वाढीला आवर घालणारा एखादा पदार्थ स्वतःच रक्तात सोडत असावा. अवयव जितका मोठा तितका पदार्थ जास्त, म्हणून वाढ आपोआप थांबते. मायोस्टॅटिन त्या साच्यात चपखल बसतं: स्नायूच ते बनवतात आणि स्नायूंनाच ते आवरतं.

काम कसं चालतं? हे प्रथिन बनतं तेव्हा त्याच्या भोवती त्याचाच एक तुकडा गुंडाळलेला असतो, म्यानातल्या तलवारीसारखा. दोन वेगवेगळी एन्झाइम्स पाळीपाळीने कापाकापी करतात तेव्हा तलवार बाहेर येते. मग ती स्नायूपेशीवरच्या ॲक्टिव्हिन रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या दाराला (एसीव्हीआर२बी हे त्यातलं मुख्य), चिकटते, आत निरोप जातो आणि नवीन प्रथिनं बांधायचं काम मंदावतं. फॉलिस्टॅटिन नावाचं दुसरं प्रथिन मायोस्टॅटिनला वाटेतच पकडून ठेवतं, म्हणजे ते वेसणीवरची वेसण.

म्यानाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गोठेकर

मी पशुवैद्य. फोटो पाहून हुरळून जाणाऱ्यांसाठी दोन शब्द.

"दुहेरी स्नायूं"ची गुरं १८०७ पासून नोंदलेली आहेत, म्हणजे कारण कळायच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीपासून लोक ती निवडून पैदास करत होते. बेल्जियन ब्लूमध्ये मायोस्टॅटिनच्या जनुकातली फक्त ११ अक्षरं गळलेली आहेत. इटलीच्या पिएमोंतेझे गुरांत एकच अक्षर बदललेलं आहे. दोन्हीकडे परिणाम तोच, लगाम तुटलेला.

आता फोटोत न दिसणारी बाजू. वासरू पोटातच एवढं मांसल होतं आणि गाईची वाट एवढी अरुंद राहते की बेल्जियन ब्लूच्या बहुतांश गाई सिझेरियननेच मोकळ्या होतात. काही वासरांची जीभ इतकी जाड असते की धड आचळ धरता येत नाही. देहाच्या मानाने हृदय-फुप्फुसं लहान, त्यामुळे जनावर लवकर धापा टाकतं आणि ऊन सोसत नाही. माणसाने पावलोपावली सांभाळलं म्हणून ही जात टिकून आहे. रानात सोडली असती तर एका पिढीत हिशेब संपला असता.

दंडबैठक, फोटो परत लावा, पण खाली हे लिहून लावा.

दंडबैठक

डॉक्टर, मला बाळंत व्हायचं नाहीये हो.

काडीपेटी

धापा मात्र तुम्ही आत्ताही टाकताच की.

वाटसरू

माणसांमध्ये असं कधी झालंय का? असल्यास तो माणूस कसा आहे?

सूक्ष्मदर्शक

झालंय. २००४ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली. जन्मतःच मांड्या आणि दंड उठून दिसत होते. या जनुकाच्या दोन्ही प्रती (एक आईकडची, एक वडिलांकडची) बिघडलेल्या, शरीरात मायोस्टॅटिनच नाही. साडेचार वर्षांचा असताना तो दोन्ही हातांत ३-३ किलोचे डंबेल घेऊन हात आडवे ताणून धरू शकत होता. त्याच्या आईत बिघडलेली एकच प्रत होती आणि ती पूर्वी व्यावसायिक धावपटू होती. नोंद लिहिली तेव्हा मुलाच्या हृदयात काही दोष दिसला नव्हता.

एकाच प्रतीचा फायदा कुत्र्यांतही दिसतो. व्हिपेट ही शर्यतीची सडपातळ जात. २००७ मध्ये असं आढळलं की एक प्रत बिघडलेले व्हिपेट सर्वांत वेगवान निघतात, आणि दोन्ही बिघडलेले पैलवानासारखे फुगतात. त्यांना "बुली" म्हणतात. शर्यतीच्या घोड्यांतही याच जनुकातल्या फरकावरून घोडा आखूड पल्ल्याचा की लांब पल्ल्याचा याचा अंदाज बांधतात.

वाटसरू

म्हणजे वेसण सैल केली तर शर्यत जिंकतो, काढूनच टाकली तर फोटो काढण्यापुरता. हे मला सूत्र म्हणून आवडलं.

उलटतपासणी

सूत्र छान आहे, पण धागाकर्त्याचा प्रश्न औषधाचा आहे आणि त्याचं उत्तर कोणी देत नाहीये. मी देतो, कडू आहे.

पहिलं औषध एमवायओ-०२९ हे प्रतिपिंड (अँटिबॉडी, ठरावीक लक्ष्याला नेमकं चिकटणारं प्रथिन). प्रौढांतल्या स्नायूक्षयाच्या रुग्णांवर चाचणी झाली, निकाल २००८ मध्ये आला: सुरक्षित आहे, पण ताकद वाढली नाही. दुसरं एसीई-०३१. ड्युशेन या आनुवंशिक स्नायूक्षयाच्या मुलांवरची चाचणी २०११ मध्ये थांबवली, कारण नाकातून-हिरड्यांतून रक्त येऊ लागलं आणि कातडीवरच्या बारीक रक्तवाहिन्या फुगल्या. तिसरं डोमाग्रोझुमॅब, तेही ड्युशेनसाठी, २०१८ मध्ये गुंडाळलं. चौथं टालडेफ्ग्रोबेप. ते २०१९ मध्ये ड्युशेनसाठी बंद झालं, मग दुसऱ्या आजारासाठी परत उभं केलं आणि २०२४ मध्ये तिथेही मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही.

उंदरांना बरं करण्यात विज्ञानाने केवढी प्रगती केली आहे! माणसाने फक्त उंदीर व्हायचं बाकी आहे.

कातरवेळ

उलटतपासणी, तुमची यादी खरी आहे. पण "दुसऱ्या आजारासाठी" असं म्हणून तुम्ही ज्याच्यावरून पुढे गेलात तो आजार आमच्या घरात आहे, म्हणून लिहिते.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी, टाइप २. तिच्या आजारात मूळ बिघाड स्नायूंचा नाही, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरतात. आता ज्या चेतापेशी उरल्यात त्या वाचवणारी औषधं आहेत, ती तिला चालू आहेत. पण वाचलेल्या चेतापेशींच्या टोकाला जो स्नायू आहे तो काडीसारखा राहिला आहे. त्याचं काय करायचं?

यासाठी एपिटेग्रोमॅब नावाचं औषध आहे. सूक्ष्मदर्शकांनी म्यानाची गोष्ट सांगितली ना, हे प्रतिपिंड म्यानातल्याच तलवारीला धरतं, बाहेर येऊ देत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मोठ्या चाचणीचा निकाल आला. आधीची औषधं चालू असलेली, चालता न येणारी मुलं. वर्षभरानंतर औषधवाली मुलं आणि नुसती सलाइन मिळालेली मुलं यांच्यात हालचालींच्या मोजपट्टीवर १.८ गुणांचा फरक, औषधाच्या बाजूने.

उलटतपासणी

कातरवेळताई, माफ करा, माझा सूर चुकला.

पण खरंच समजून घ्यायचंय: १.८ गुण कितीपैकी? मला ६६ पैकी असं दिसतंय. मग तो फरक घरात जाणवतो तरी का?

कातरवेळ

माफी कशाला, मीही पहिल्यांदा वाचून "एवढंच?" म्हटलं होतं.

मोजपट्टीत ३३ कामं असतात. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. आधाराशिवाय बसणं. पाठीवरून कुशीवर वळणं. झोपलेल्याचं उठून बसणं. आता विचार करा, रात्री कुशीवर वळायला माझी मुलगी मला हाक मारते. चार वेळा, कधी पाच. त्या एका ओळीत शून्याचा एक झाला तर ती आणि मी, दोघी झोपू. निकालातला दुसरा आकडा मला जास्त भिडतो: तीन किंवा जास्त गुण वाढलेली मुलं औषधाच्या गटात ३० टक्के, दुसऱ्या गटात १२.५ टक्के. आणि हा आजार असा आहे की वयाबरोबर गुण कमी होत जातात. जागच्या जागी राहणं हीसुद्धा आमच्याकडे बातमी असते.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मंजुरी अडवली, तीही औषधातल्या दोषामुळे नाही. कुप्या भरून देणारा जो तिसऱ्याच कंपनीचा कारखाना होता, त्याच्या तपासणीत त्रुटी निघाल्या. ती बातमी वाचून मी भिंतीकडे बघत बसले होते.

गोठेकर

ताई, मुलीला आशीर्वाद. आणि धाग्यावर लिहिलंत हे फार बरं केलंत.

सूक्ष्मदर्शक

उलटतपासणींच्या यादीत "का" राहिलं, ते भरतो.

एक, उंदराच्या रक्तात मायोस्टॅटिन माणसाच्या कितीतरी पट असतं. त्याच्याकडे वेसण घट्ट, म्हणून सोडल्यावर फरक मोठा. माणसात तेच काम ॲक्टिव्हिनसारखी भावंडंही करतात. एकाला बांधलं तरी बाकीचे कामावर हजर.

दोन, ज्या आजारात स्नायू आधीच झिजलेत तिथे ते मायोस्टॅटिनही कमीच बनवतात. म्हणजे शरीराने लगाम आधीच सैल सोडलेला असतो आणि आपण औषध देऊन तोच लगाम सोडू पाहतो. शिवाय ड्युशेनमध्ये तंतूचं आवरणच फाटतं. फाटक्या पोत्यात धान्य वाढवून काय होणार?

तीन, जन्मापासून प्रथिन नसेल तर तंतूंची संख्याही वाढते आणि जाडीही. मोठेपणी अडवलं तर फक्त जाडी. बेल्जियन ब्लूचा फोटो बघून औषधाकडून अपेक्षा ठेवण्यात पहिली चूक हीच.

रक्तस्रावाचं म्हणाल तर एसीई-०३१ हे रिसेप्टरचंच खोटं रूप होतं, रक्तात फिरणारं आमिष. मायोस्टॅटिन त्याला चिकटायचं, पण त्याबरोबर रक्तवाहिन्या सांभाळणारं बीएमपी-९ हे प्रथिनही अडकायचं. जाळं मोठं टाकलं की नको ते मासेही येतात. एपिटेग्रोमॅब नेमकं एकच मासा धरतं, हा त्याचा गुण.

वाटसरू

त्या आमिषवाल्या कंपनीचं पुढे काय झालं? बुडाली असेल.

सूक्ष्मदर्शक

उलट! "करायला गेलो गणपती, झाला मारुती" याचं वैद्यकातलं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. त्याच घराण्यातलं एक आमिष, सोटाटरसेप्ट, हाडं बळकट करायला आणलं होतं. दिलेल्या लोकांचं हिमोग्लोबिनच वाढायला लागलं. ते सूत्र धरून धाकटं भावंड लुसपाटरसेप्ट तयार झालं आणि २०१९ मध्ये बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारातल्या ॲनिमियासाठी मंजूर झालं. खुद्द सोटाटरसेप्ट २०२४ मध्ये फुप्फुसांच्या धमन्यांतल्या उच्च रक्तदाबावर मंजूर झालं. ज्या रक्तवाहिन्यांनी एका औषधाचा घात केला, त्यांच्याच आजारावर दुसरं चाललं.

काडीपेटी

थोडक्यात, हाडाला लावलं, रक्ताला लागलं. आमच्या घरचा प्लंबरही असाच आहे, नळ दुरुस्त करायला येतो आणि दिवे लागतात.

दंडबैठक

बरं, आता माझी दुखरी गोष्ट.

सहा वर्षांपूर्वी दोन डबे घेतले होते. एकात "फॉलिस्टॅटिन", दुसऱ्यात समुद्री शेवाळाचा अर्क. तीन महिने न चुकता घेतले. दंड अर्धा इंच वाढले आणि मी सगळ्यांना डब्याचं नाव सांगत सुटलो. मग लक्षात आलं की त्याच तीन महिन्यांत मी नवीन प्रशिक्षकाकडे आठवड्याला चार दिवस जात होतो, आधी दोनच दिवस जायचो. डबा संपला, प्रशिक्षक चालू राहिला, दंड तसेच राहिले. उंबरठा, भावाला आवरा.

सूक्ष्मदर्शक

प्रामाणिकपणाला सलाम. फॉलिस्टॅटिन हे प्रथिन आहे, तोंडाने घेतलं की जठरात त्याचं इतर कुठल्याही प्रथिनासारखंच पचन होतं. स्नायूपर्यंत सही-सलामत पोचायचं तर टोचावं लागेल किंवा जनुकच आत न्यावं लागेल. शेवाळाची गोष्ट अशी की ते परीक्षानळीत मायोस्टॅटिनला चिकटतं. माणसांवर २००४ मध्ये तपासलं: १२ आठवडे, वजनं उचलण्याच्या व्यायामासोबत. शेवाळवाले आणि नकली गोळीवाले, दोघांची ताकद सारखीच वाढली. म्हणजे तुमच्या प्रशिक्षकाचा प्रयोग शास्त्रशुद्ध निघाला.

बळकटी_केंद्र

मित्रांनो आता चिंता सोडा!! आमच्या नैसर्गिक मायोस्टॅटिन कंट्रोल चूर्णाने फक्त २१ दिवसांत

संपादक मंडळ

वरच्या सदस्याचं खातं गोठवलं आहे. प्रतिसाद अर्धाच ठेवला आहे, धाग्याच्या विषयाचं प्रात्यक्षिक म्हणून.

काडीपेटी

संपादकांना दंडवत. वेसण म्हणतात ती हीच.

हलकाफुलका

मी वेगळ्याच वाटेने इथे आलो. वजनासाठी सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं घेतोय. १७ किलो उतरलं. कपडे सैल, साखर आटोक्यात, सगळे कौतुक करतात. पण सामानाची पिशवी घेऊन दुसरा मजला चढताना पूर्वीपेक्षा जास्त दमतो. डॉक्टर म्हणाले, उतरलेल्यातला काही भाग चरबीचा नाही, स्नायूचा आहे. हे ऐकल्यापासून "किती उतरलं?" असं कोणी विचारलं की मी मनात म्हणतो, "काय उतरलं ते विचारा."

उलटतपासणी

हलकाफुलका, मी या धाग्यावरचा अधिकृत निराशावादी, पण तुमच्यासाठी चांगली बातमी माझ्याकडे आहे.

बिमाग्रुमॅब हे प्रतिपिंड मायोस्टॅटिनला सोडून थेट रिसेप्टरलाच झाकतं, म्हणजे निरोप्यांना न पकडता दारालाच कुलूप. स्नायूंच्या एका दाहक आजारात ते नापास झालं. मग २०२१ मध्ये मधुमेह आणि लठ्ठपणा असलेल्या ७५ जणांवरचा निकाल आला: ४८ आठवड्यांत चरबी २०.५ टक्के कमी आणि चरबी सोडून उरलेलं वजन ३.६ टक्के जास्त. वजनकाट्यावर फरक साडेसहा टक्केच, पण आत सगळं घर बदललेलं.

२०२५ मध्ये सेमाग्लुटाइडबरोबर देऊन पाहिल्याचे आकडे आले. ७२ आठवड्यांत नुसत्या सेमाग्लुटाइडने वजन १५.७ टक्के घटलं आणि त्यातली ७१.८ टक्के घट चरबीची होती. दोन्ही मोठ्या मात्रेत एकत्र दिल्यावर घट २२.१ टक्के, त्यात चरबी ९२.८ टक्के. स्नायूंत पेटके, मुरमं, जुलाब हे त्रास होतात. पण स्नायूक्षयासाठी शोधलेल्या गोष्टीला गिऱ्हाईक मिळालं ते लठ्ठपणात, याची मला गंमत वाटते. थोडं वाईटही वाटतं, कातरवेळताईंमुळे.

कातरवेळ

वाईट वाटून घेऊ नका. मोठं गिऱ्हाईक असलं की कारखाने टिकतात. आम्हाला कारखान्याचंच वावडं झालंय सध्या!

वाटसरू

अवांतर: अंतराळवीरांचेही स्नायू झिजतात ना? त्यांना का देत नाहीत?

सूक्ष्मदर्शक

उंदीरवीरांना दिलंय. डिसेंबर २०१९ मध्ये से-जिन ली आणि त्यांच्या पत्नी एमिली जर्मेन-ली यांनी ४० उंदीर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पाठवले. साध्या उंदरांचे स्नायू आणि हाडं दोन्ही झिजली. मायोस्टॅटिन नसलेल्यांनी पिळदार देह बऱ्यापैकी टिकवला. आणि ज्या साध्या उंदरांना आमिष टोचलं होतं त्यांचे स्नायू आणि हाडं वाढली. हा माणूस १९९७ पासून एकाच प्रथिनाच्या मागे आहे आणि ते घेऊन अंतराळापर्यंत गेला, याचंच मला जास्त अप्रूप.

गोठेकर

खालीही पुष्कळ चाललंय. जपानमध्ये २०२१ मध्ये मायोस्टॅटिनचं जनुक जनुक-संपादनाच्या कात्रीने बंद केलेला लाल सी-ब्रीम मासा विक्रीला आला. काश्मीरच्या कृषी विद्यापीठात हेच जनुक संपादित केलेलं मेंढीचं कोकरू जन्मल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. आम्ही लोक ताकदीसाठी नाही, मांसासाठी बघतो. त्यामुळे आमचे आणि तुमचे निकष वेगळे. हा फरक या धाग्यावर वारंवार पुसला जातोय असं मला वाटतं.

पावलोपावली

गोठेकरांनी मर्मावर बोट ठेवलं. मी फिजिओथेरपिस्ट. मांस म्हणजे ताकद नव्हे.

मायोस्टॅटिन नसलेल्या उंदरांचे स्नायू मोठे असतात, पण आकाराच्या हिशेबाने जोर कमी भरतो. झटक्याने आकसणारे, लवकर दमणारे तंतू जास्त. कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, लहान आणि ठिसूळ निघतात. इंजिन मोठं आणि पट्टा जुना.

उंबरठा, तुमच्या वडिलांच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचा प्रयोग असा: बिमाग्रुमॅब वयस्कांच्या स्नायूझिजीवर, म्हणजे सार्कोपेनियावर, २४ आठवडे देऊन पाहिलं, निकाल २०२० चा. औषधवाल्यांचं स्नायूंचं वजन सुमारे ७ टक्के वाढलं, बिनऔषधवाल्यांचं १ टक्का. पण चालणं, उठणं, तोल यात दोन्ही गट सारखेच. का? कारण दोन्ही गटांना व्यायाम आणि पुरेसं प्रथिनयुक्त खाणं दिलं होतं आणि दोन्ही गट सुधारले. औषध हरलं असं म्हणा, किंवा खुर्चीवरून उठबस जिंकली असं म्हणा.

आणि ही वेसण व्यायामानेही सैल होते. जड वजनांच्या व्यायामाने स्नायूंत मायोस्टॅटिनचं उत्पादन घटतं. अंथरुणात पडून राहिलं, स्टेरॉइड चालू असली की वाढतं. वडिलांचे ते पाच-सहा आठवडे आठवा.

एक काम करा. हात छातीशी आडवे धरून खुर्चीतून पाच वेळा उठायला-बसायला सांगा, बाजूला उभे राहा आणि घड्याळ लावा. १५ सेकंदांच्या वर वेळ लागला तर पायांची ताकद कमी आहे असं धरतात. आकडा इथे लिहा.

उंबरठा

सगळ्यांचे आभार, काय काय बाहेर आलं! डबे रद्द केले. भाऊ रुसला आहे.

पाच वेळा उठणं बाबांना जमलंच नाही. हात न टेकता दोनदा उठले, तिसऱ्यांदा अर्ध्यावरून परत बसले.

पावलोपावली

मग तो आकडा दोन. खुर्चीवर एक घट्ट उशी टाका, उंची वाढली की उठणं सोपं होतं. तिथून सुरुवात, आठवडे गेले की उशी पातळ करत जायची. हृदयाचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वाटसरू

हृदयावरून आठवलं, तोही स्नायूच ना? वेसण सुटली की तेही फुगणार का?

सूक्ष्मदर्शक

हृदय मायोस्टॅटिन बनवतं, पण एरवी थोडंसंच. मात्र उंदरांत एक विलक्षण गोष्ट दिसली. हृदय निकामी होऊ लागलं की तेच रक्तात मायोस्टॅटिन सोडतं आणि त्याने हातापायांचे स्नायू झिजतात. फक्त हृदयातलं जनुक बंद केलं तर हातपाय वाचले. कर्करोगातल्या खंगण्यावरही २०१० मध्ये असाच प्रयोग झाला: आमिष टोचलेल्या उंदरांची गाठ तेवढीच राहिली, पण खंगणं थांबलं आणि ते जास्त जगले. माझी आशा या बाजूला आहे. निरोगी माणसाचे दंड फुगवण्यापेक्षा खंगणाऱ्याला थोपवणं.

दंडबैठक

खेळाडूंचं काय? आमच्याकडे कुजबुज असते.

उलटतपासणी

जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेने २००८ पासून मायोस्टॅटिन रोखणाऱ्या गोष्टींना बंदी घातली आहे, धड मंजूर झालेलं एकही औषध नसताना. चोर जन्मायच्या आधी कुलूप.

उंबरठा

अकरा आठवड्यांनी धागा वर काढतोय, क्षमस्व.

आधी दोन जाड उशा, मग एक, मग सतरंजीची घडी. गेल्या रविवारी नुसती खुर्ची. हात छातीशी, पाच वेळा, २१ सेकंद. म्हणजे अजून नापास. पण बाथरूममधून मला हाक येणं बंद झालंय, आणि हे मला तीन दिवसांनी लक्षात आलं.

बाबांनी मग घड्याळ माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाले, "आता तू बस." माझे १४ आले. वय ४६.

काडीपेटी

मी पण केलं. आकडा सांगणार नाही.

पावलोपावली

उंबरठा, बाबांना आता उठताना सरळ आणि बसताना मुद्दाम सावकाश बसायला सांगा, मनात चार मोजत. काडीपेटी, तुम्हीही.

कातरवेळ

बाबांना माझ्या लेकीकडून शाबासकी. तिने विचारलंय, आजोबांना किती गुण मिळाले?